मोबाईलवरचं समाजशास्त्र : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं त्यांनी समाजशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन करून बघावा, फी फारशी लागत नाही आणि मोबाईल तर घरात असतोच, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की सगळ्यांना इथे जागा देणं शक्यच नाही. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून सहा निवडले. नावं छापत नाही, कारण अनेकांनी घरातल्या गोष्टी मोकळेपणानं लिहिल्यात. मी नागपुरातच कॉलेजात हा विषय बरीच वर्षं शिकवला, आता ऑनलाइन शिकणाऱ्या पोरापोरींच्या शंका फोनवर सोडवते, त्यामुळे खालचं बरंचसं माझ्या रोजच्या बोलण्यातलंच आहे.

प्रश्न : ताई, मी सक्करदऱ्याला राहते, बर्डीवर साड्यांच्या दुकानात कामाला आहे, सकाळी अकरा ते रात्री नऊ. मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला अ‍ॅडमिशन घेतली आणि समाजशास्त्राचे व्हिडिओ घरी आल्यावर पाहून राहिली. पाहताना सगळं समजते, पण जुना पेपर समोर घेतला की डोकं कोरं. माझ्याच्यानं होईल का हे?
— बी.ए. प्रथम वर्ष, सक्करदरा

उत्तर : होईल गं, नक्की होईल, आणि आधी स्वतःला दोष देणं बंद कर. तुझ्या दुकानात असं होतं ना, एखादी बाई दारातून आत आली की तू लगेच ओळखतेस, अरे ह्या तर मागच्या लग्नसराईत आल्या होत्या, पण कोणी नाव विचारलं तर काही केल्या आठवत नाही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. व्हिडिओत मॅडम बोलत असतात तेव्हा तू फक्त ओळखत असतेस, हो हो बरोबर आहे असं वाटत राहतं, आणि पेपर मात्र आठवायला लावतो. मग आठवायची सवय अभ्यास करतानाच लावून घ्यावी लागते, पेपरच्या दिवशी ती आपोआप येत नाही.

करायचं असं, की व्हिडिओ अर्ध्या तासाचा असला तरी आठ-दहा मिनिटांनी थांबवायचा, मोबाईल उपडा ठेवायचा, दोनशे पानी वही घ्यायची आणि न बघता तीन-चार वाक्यं लिहायची. तुझ्याच भाषेत लिही, "भूमिका म्हणजे लोक आपल्याकडून जे करायची अपेक्षा ठेवून राहतात ते" असं लिहिलं तरी चालेल, पुस्तकी भाषा नंतर चढवता येते. त्याखाली त्या दिवशी दुकानात घडलेली एक गोष्ट लिही जिला ती संकल्पना लागू पडते. मग व्हिडिओ परत लावून जे सुटलं ते लाल पेनानं भर. आणि दीडच्या, दोनच्या स्पीडवर पळवू नको, पोरं तसं करतात आणि सिलॅबस संपला म्हणून खूश होतात, पण वहीत काही उतरलेलं नसतं.

खरं सांगू का, तुला तर हा विषय शिकायला ते दुकान म्हणजे सोन्याची खाण आहे. तू गादीवर बसून घडी मोडतेस, "काकू, हा पदर बघा, काठ बघा किती भरगच्च आहे" म्हणतेस, चाळीस साड्या उलगडल्या आणि बाईंनी एकही घेतली नाही तरी हसून "काही हरकत नाही, पुन्हा या" म्हणतेस. आणि मग मागच्या गोडाऊनमध्ये खोक्यावर बसून डबा उघडतेस, पाय लांब करतेस, मैत्रिणीला म्हणतेस आज तर जीव गेला. आर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं नेमकं हेच लिहिलंय. तो स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर अभ्यासाला गेला होता, तिथल्या एका हॉटेलात जेवणघरात माणसं कशी वागतात आणि तीच माणसं स्वयंपाकघरात गेली की कशी वागतात हे त्यानं बघितलं, आणि त्यातून रंगमंचाचा पुढचा भाग आणि पडद्यामागचा भाग ही मांडणी केली. तुझी गादी म्हणजे पुढचा भाग, गोडाऊन म्हणजे मागचा. एवढं एकदा वहीत लिहिलंस की गॉफमन तू आयुष्यात विसरणार नाहीस.

तसंच भूमिकेचं. सेल्सगर्ल हा तुझा एकच दर्जा, म्हणजे समाजातलं स्थान, पण गिऱ्हाइकाशी वागायचं एका तऱ्हेनं, सेठशी दुसऱ्या, सोबतच्या पोरींशी तिसऱ्या, याला रॉबर्ट मर्टन हा समाजशास्त्रज्ञ भूमिका-संच म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर दुकानात सुट्टी मिळत नाही आणि त्याच आठवड्यात तुझी असाइनमेंट भरायची असते, एकीकडे कामगार आणि दुसरीकडे विद्यार्थिनी, दोन्हीकडून ओढाताण, हा झाला भूमिका-संघर्ष. तू बाई म्हणून जन्मलीस हा अर्पित दर्जा, पदवी घेशील तो अर्जित दर्जा, ही विभागणी राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये केली. बघ, अर्धं युनिट तर तुझ्या एका दिवसात निघालं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी गृहिणी आहे, वय ४८, लग्नानंतर शिक्षण राहून गेलं. आता मुलगा इंजिनिअर झाला म्हणून स्वतःसाठी ऑनलाइन कोर्स सुरू केला. मुलगा म्हणतो, आई यात नवीन काय आहे, हे तर सगळ्यांनाच माहीत असते. कधीकधी मलाही तसंच वाटते. कुटुंबाचा पाठ वाचताना तर वाटलं हे मी लिहू शकले असते. माझे सासरे कापडाच्या मिलमध्ये होते, मिल बंद झाल्यावर घरीच बसले, घरात सगळे म्हणत त्यांच्यात धमकच नव्हती. असल्या गोष्टींचा या विषयात काही उपयोग होतो का?
— त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलेच. उपयोग होतो का विचारता, अहो त्यासाठीच तर हा विषय आहे.

सी. राइट मिल्स नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५९ मध्ये मांडलेली एक गोष्ट प्रत्येक कोर्सच्या पहिल्या आठवड्यात येते. तो म्हणतो, एक लाख वस्तीच्या गावात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाकडे बघा, त्याचा स्वभाव, त्याचं कसब. पण पाच कोटी कामकरी असलेल्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील तर उत्तर एकेका माणसात शोधून सापडणार नाही, तिथे संधींची सगळी रचनाच कोसळलेली असते. पहिली वैयक्तिक अडचण आणि दुसरा सार्वजनिक प्रश्न.

आता हे आपल्या गावाला लावून बघा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आजूबाजूला कापसाचा मुलुख, रेल्वे आलेली, आणि नागपूर हे गिरण्यांचं गाव झालं. भोंगा वाजला की घरातलं घड्याळ लावायचं, अशी पिढी मी लहानपणी पाहिलीय. पुढे मुंबई म्हणा, सोलापूर म्हणा, नागपूर म्हणा, सगळीकडे कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, जुनी यंत्रं, पॉवरलूमचं स्वस्त कापड, बदललेला बाजार, कारणं बरीच आहेत. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. आता मला सांगा, हजारो घरांत एकाच काळात कर्ता माणूस घरी बसला असेल तर हजारो माणसांमधली धमक एकाच वेळी कशी गेली? तुमच्या सासऱ्यांना ज्या यंत्राचं कसब हातात होतं ते यंत्रच राहिलं नाही, पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी दुसरं कसब शिकवणारं कोणी नव्हतं. आणि घरातल्या लोकांनी बोल लावला तो त्यांनाच, कारण समोर दिसत होते तेच. मला वाटतं हे तुम्ही लिहून काढावं, तारखा विचारून, शेजारच्या दोन-चार घरांत चौकशी करून, आणि मुलाला वाचायला द्यावं.

आता "सगळ्यांना माहीत असते" याबद्दल. सगळ्यांना माहीत असलेलं एक वाक्य घेऊ, पूर्वी सगळी कुटुंबं एकत्र होती आणि आता मोडली. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या केली ती पाहा, साधारण एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेलं खाणारे, सामाईक मालमत्ता असलेले, कुळाचाराला एकत्र येणारे आणि एकमेकांच्या नात्यातले लोक. ही व्याख्या घेऊन तुमच्याच घराकडे बघा. दीर पुण्याला, चूल वेगळी, पण गावचं शेत सामाईक, महालक्ष्म्यांना सगळे एकाच घरी, सासूबाईंच्या ऑपरेशनचा खर्च तिघा भावांनी वाटून घेतलेला, मग हे कुटुंब विभक्त की एकत्र? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास करून हेच दाखवलं की चूल वेगळी झाली म्हणजे एकत्रपण संपलं असं धरून चालता येत नाही, नाती, मालमत्ता, जबाबदाऱ्या बघाव्या लागतात. तुमच्या मुलाला विचारा बरं, याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत होतं का. आपल्याला माहीत वाटत असलेली गोष्ट हातात घेऊन तपासायची, कधी ती खरी निघते, कधी अर्धी, कधी उलटी.

प्रश्न : मॅडम मी काटोलचा, मराठी माध्यमाचा विद्यार्थी. चांगले कोर्स सगळे इंग्रजीत आहेत, सबटायटल वाचता वाचता व्हिडिओ पुढे निघून जाते. मराठीत काय वाचू? आणि इंग्रजी सोडून दिलं तर चालेल का?
— काटोल, जि. नागपूर

उत्तर : सुरुवात मराठीतून कर, त्यात कमीपणा काही नाही. बालभारतीची अकरावी आणि बारावीची समाजशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत आणि त्यांची पीडीएफ मोफत मिळते, पदवीला असलास तरी आधी ती वाच, पाया तिथेच होतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मराठीत आहेत. हिंदी जमत असेल, आणि नागपुरात तर सगळ्यांनाच जमतं, तर इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर सगळी युनिटं पडलेली आहेत, एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकंही हिंदीत आहेत. इंग्रजीत ओपनस्टॅक्सचं प्राथमिक समाजशास्त्राचं पूर्ण पुस्तक फुकट आहे, भाषा सोपी आहे, फक्त उदाहरणं सगळी अमेरिकेची, तिथल्या वंशभेदाची, तिथल्या शाळांची, आरोग्य विम्याची, ती पाठ करत बसू नको, संकल्पना घे आणि उदाहरण काटोलचं घाल, संत्र्याच्या बागेतलं घाल.

इंग्रजी सोडू नको मात्र. रोज एक पान, डिक्शनरी न उघडता, अंदाजानं. वहीत तीन रकाने कर, मराठी शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि आपलं उदाहरण.

आणि एक गोष्ट जिच्यावर मी पेपर तपासताना दरवर्षी हळहळत असे. आपल्याला वाटतं मराठीत आहे म्हणजे समजलं, पण समाजशास्त्रात काही मराठी शब्द रोजच्या अर्थानं येत नाहीत. संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिक्षण संस्था येते, तिची इमारत, तिचे अध्यक्ष. इथे संस्था म्हणजे ठरून गेलेली वागायची रीत, विवाह ही संस्था, मालमत्ता ही संस्था, आणि तुमची ती शिक्षण संस्था, क्रिकेट क्लब, पतपेढी हे सगळं समितीत मोडतं. सोपी खूण अशी की समितीचं सभासद होता येतं, संस्थेचं होता येत नाही. विवाहाचा सभासद कोणी असतो का? तसंच संस्कृती. "त्यांच्या घरात काही संस्कृतीच नाही" असं आपण बोलतो, समाजशास्त्रात संस्कृती नसलेला माणूस असूच शकत नाही, सावजीच्या रश्श्यापासून शिव्यांपर्यंत सगळं तिच्यात येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो अंतर्विवाह या शब्दाचा. पोरं लिहितात अंतर्विवाह म्हणजे दोन जातींमधलं लग्न. अरे बाबा नेमकं उलटं! अंतर्विवाह म्हणजे आपल्याच गटाच्या आत लग्न करायचं बंधन, दोन जातींमधलं ते आंतरजातीय. एका कान्यानं दहा मार्कांचं उत्तर जातं. आणि हा शब्द नुसता मार्कांपुरता महत्त्वाचा नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आणि त्यात त्यांनी सांगितलं की जातीचं मर्म अंतर्विवाहात आहे, ती भिंत टिकवण्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींची गरज पडली. निबंध लहान आहे, इंटरनेटवर मोफत वाचता येतो. दीक्षाभूमीवर आपण दरवर्षी जातो, पण बाबासाहेबांचा हा समाजशास्त्रज्ञ म्हणून केलेला विचार आपल्या किती विद्यार्थ्यांनी मुळातून वाचलाय? तुझ्या इंग्रजीच्या रोजच्या एका पानासाठी मी तर हाच निबंध सुचवीन, जड जाईल पण महिनाभरात होईल.

प्रश्न : ताई, ऑनलाइन कोर्सच्या प्रोजेक्टसाठी मी "आंतरजातीय लग्नाबद्दल नागपूरकरांचं मत" असा गूगल फॉर्म बनवला आणि ग्रुपवर टाकला. १४० लोकांनी भरला, ८५ टक्के लोक म्हणतात काही हरकत नाही. मला आनंद झाला, पण आई म्हणाली खोटं आहे, आणि असं जातीचं कोणाला विचारायचं नसते. आता सबमिट करू की नको?
— एम.ए.ची तयारी करणारी, जरीपटका

उत्तर : कर, पण शीर्षक बदलून. हे नागपूरकरांचं मत झालं नाही, तुझ्या ओळखीतल्या मोबाईलवाल्या, बहुतेक तुझ्याच वयाच्या, कॉलेजात गेलेल्या १४० लोकांचं मत झालं. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर उत्तरं आली, आणि अंदाज निघाला की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत! झालं काय होतं, तर पत्ते बरेचसे टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले, आणि मंदीच्या त्या काळात टेलिफोन-मोटार कोणाकडे असणार, शिवाय उत्तर पाठवायचे कष्ट घेणारेही ठरावीकच. वीस लाख उत्तरांनी जे चुकलं ते १४० नं कसं सुटेल?

आईचं पहिलं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फॉर्ममध्ये "हरकत आहे का" विचारलं की माणूस चांगलं दिसणारं उत्तर देतो. त्याऐवजी विचार, तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत किती लग्नं झाली, त्यातली किती जातीबाहेर, स्थळ शोधताना बायोडाटात जात लिहिली होती का. मत विचारण्यापेक्षा घडलेलं विचारावं. किंवा फॉर्म बाजूला ठेवून चार-पाच घरांत बसून तासभर बोल, तुला १४० फॉर्मपेक्षा जास्त सापडेल.

दुसरं म्हणणं, जातीचं विचारायचं नसतं. इथे मी आईशी अर्धी सहमत आहे. जात विचारली की समोरच्याच्या मनात काय काय उठतं हे आपल्याला कळत नाही, ज्याला आयुष्यभर त्या प्रश्नानं चटके दिलेत त्याला तो पुन्हा चटकाच असतो. म्हणून आधी सांगायचं, मी हे कशासाठी विचारतेय, तुमचं नाव कुठेही येणार नाही, एखादं उत्तर नको असेल तर देऊ नका. गुपचूप रेकॉर्डिंग अजिबात नाही. आणि वहीत नावाऐवजी "कुटुंब १, कुटुंब २" लिहायचं, अगदी पहिल्या दिवसापासून. पण विचारायचंच नाही असं ठरवलं तर मग जात आहे तशीच, न बघितलेली राहील ना.

बोलणं झालं की त्याच रात्री टिपणं लिही, दुसऱ्या दिवशी अर्धं उडून जातं, आणि त्यांची कॉपी ठेव. मोठे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९७० मध्ये स्टॅनफर्डला असताना तिथे आग लागली आणि म्हैसूरकडच्या रामपुरा गावावरची त्यांची कित्येक वर्षांच्या कष्टाची टिपणं जळाली, मग त्यांनी आठवणीतून ते गाव लिहून काढलं. त्यांना जमलं, ते श्रीनिवास होते. आपण गूगल ड्राइव्हवर ठेवावं.

प्रश्न : घरात एकच स्मार्टफोन आहे आणि आम्ही तीन भावंडं. भाऊ रात्री नऊला कामावरून आला की फोन मिळते. नेट पॅकही संपलेला असते. अशानं ऑनलाइन शिक्षण कसं व्हायचं?
— कळमना

उत्तर : तुझी अडचण खरी आहे आणि ती तुझ्या एकट्याची नाही, वर मिल्सचं लिहिलंय ते वाच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्केच घरांत इंटरनेट होतं, शहरात ४२ टक्के आणि खेड्यात जेमतेम १५. तेव्हापासून मोबाईल खूप वाढले, पण घरात फोन असणं आणि तो पोरीच्या हातात दोन तास शांतपणे असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आकड्यांत हे सहसा दिसत नाही. तुला जमेल ते असं : रात्री फोन मिळाला की व्हिडिओ बघत बसू नको, लेखी मजकूर म्हणजे पीडीएफ उतरवून घे, त्याला डेटा कमी लागतो, आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एका युनिटच्या प्रिंट काढून घे. दिवसा कागदावर अभ्यास, रात्री फक्त शंका आणि चाचणी. बहुतेक कोर्समध्ये व्हिडिओतलंच लेखी टिपणातही असतं. भावाशी भांडू नको, बोल, आठवड्यातले दोन दिवस ठरवून घे. आणि हे सगळं, म्हणजे फोन कोणाकडे किती वेळ असतो, पोरीचा नंबर शेवटी का लागतो, हे वहीत लिही, सामाजिक विषमतेच्या प्रश्नाला इतकं नेमकं उदाहरण पुस्तकात नाही मिळणार.

प्रश्न : ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स केला तर त्याचं सर्टिफिकेट कॉलेजात धरतात का? आणि मी एकटाच शिकून राहिलो, कोणाशी बोलावं समजत नाही.
— महाल

उत्तर : ‘स्वयं’वर व्हिडिओ, नोट्स सगळं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि जास्तीत जास्त मार्क त्या परीक्षेलाच असतात. २०२१ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयं’वरून करता येतात, पण तुझं कॉलेज नेमका हा कोर्स धरेल का ते नाव नोंदवायच्या आधी लेखी विचारून घे. आधी, नंतर नाही. नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही हेही सांगते. यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून समाजशास्त्राचे अडीचशे-अडीचशे मार्कांचे दोन पेपर असतात, त्याची सुरुवात मात्र अशा कोर्सनं छान होते.

एकटेपणाचं जास्त महत्त्वाचं आहे. २०१२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मिचेल ड्युनियर यांनी समाजशास्त्राचा प्राथमिक कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर सगळ्या जगासाठी खुला केला, सुमारे चाळीस हजार लोकांनी नावं नोंदवली. हे ड्युनियर म्हणजे न्यूयॉर्कच्या फुटपाथवर पुस्तकं विकणाऱ्या माणसांसोबत वर्षानुवर्षं राहून अभ्यास केलेले गृहस्थ. त्यांनी नुसते व्हिडिओ टाकले नाहीत, वेगवेगळ्या देशांतल्या पाच-सात विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन चर्चा केली आणि बाकीच्यांनी ती बघितली. पुढच्या वर्षी त्यांनी कोर्स देणं थांबवलं, कारण तो दुसऱ्या विद्यापीठांना वापरायला द्यायचा विचार पुढे आला आणि त्यांना वाटलं याचं निमित्त करून सरकारं सार्वजनिक विद्यापीठांचा पैसा कापतील. मला हा माणूस फार मोठा वाटतो. चाळीस हजार लोक समोर असताना त्याला दुसऱ्या कॉलेजातल्या मास्तरच्या नोकरीची काळजी वाटली.

तर तूही तीन-चार जण जमव, एकाच कोर्सचे नसले तरी चालतील, मित्र, चुलत बहीण, कोणी रिटायर्ड काका. रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटा, प्रत्येकानं आठवड्यातली एक संकल्पना दुसऱ्याला समजावून सांगायची, वही न उघडता. तू महालात राहतोस, म्हणजे मारबतीची, त्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक तुझ्या दारावरूनच जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चौघं चार ठिकाणी उभे राहा. मर्टननं प्रकट कार्य आणि अप्रकट कार्य असे दोन भाग सांगितलेत, रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत हे लोक तोंडानं म्हणतात ते प्रकट, आणि जे कोणी म्हणत नाही पण होतं ते अप्रकट. एकानं फक्त बडगे, म्हणजे मिरवणुकीतले टीकेचे पुतळे, बघायचे, यंदा कोणावर राग निघाला, महागाईवर, रस्त्याच्या खड्ड्यांवर, की कोणा पुढाऱ्यावर. एकानं घोषणा लिहून घ्यायच्या, जशाच्या तशा. एकानं बायका कुठे उभ्या आहेत ते बघायचं, रस्त्यावर, ओट्यावर की गच्चीवर, आणि किती वाजेपर्यंत. चौथ्यानं मारबत बांधणाऱ्यांपैकी कोणा म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं, परवानगी घेऊन, की कागद कुठून आणता, बांबू कोण देतं, हे काम घरात कोणाकडून आलं. संध्याकाळी चारही वह्या एकत्र ठेवा आणि जमलं तर मला एक झेरॉक्स पाठवा.